पत्री, देवराई आणि आपली वर्गणी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या उत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रहो, चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी मल्लेश्वरमच्या बाजारातून पत्रीची जुडी आणली. एकवीस पाने असायला हवीत. घरी मुलीने एकेकाचे नाव विचारले. दूर्वा, बेल, तुळस, आघाडा, रुई, धोत्रा सांगता आले, शमीपाशी अडखळलो. माका, डोरली, विष्णुक्रांता ही नावे पूजेत म्हणतो, पण झाडे ओळखत नाही. काही पाने तर भलत्याच झाडांची असावीत. तेव्हा गावाकडची देवराई आठवली.

देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली वाळकी काटकीही न्यायची नाही, हा नियम. म्हणूनच भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी जुनी झाडे आणि गारंबीसारखे प्रचंड वेल राईत टिकले. महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद झाली आहे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. गाडगीळ पुढे आपल्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुमारे तीन दशके होते. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तोडीला निघाली होती. गावचा ओढा त्या राईतून येत होता. गावकऱ्यांनी या अभ्यासकांना गाठले आणि तोड थांबली. देवाचा धाक होताच, पण राई पाणी देते हे गावाला पक्के ठाऊक होते.

राखणे म्हणजे हात न लावणे, असेही नाही. गडचिरोलीतले मेंढा (लेखा) हे गोंड गाव पाहा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते बांबू तोडतात, मोह वेचतात. पण काय, किती घ्यायचे हे ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. आमच्या रेल्वेत कीमनची बीट ठरलेली असते. तो रोज ती पायी तपासतो, म्हणून एक सैल चावीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. जंगलाचेही तसेच. आपले म्हणून रोज पाहणारा माणूस असला की झाडे राहतात.

आता मूळ मुद्दा. आज पुष्कळ देवरायांना धोका आहे तो देवळाच्या जीर्णोद्धाराचा. कौलारू घुमटीच्या जागी सिमेंटचा सभामंडप येतो, फरशी येते, गाड्यांसाठी रस्ता येतो आणि तेवढी राई जाते. पैसा बऱ्याचदा आपल्यासारख्या बाहेरगावी नोकरी करणाऱ्यांच्या वर्गणीचा असतो. मीही अशी वर्गणी दिली आहे. पावती जपून ठेवली. झाडे किती जाणार, हे मात्र विचारले नाही. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा मंडपात लख्ख ऊन होते.

म्हणून विनंती एवढीच. गावाहून पावतीपुस्तक आले तर वर्गणी जरूर द्या, पण आधी राईचे काय होणार ते विचारा. सुट्टीत गेलात की म्हाताऱ्या माणसाबरोबर राईत एक फेरी मारा आणि झाडांची नावे वहीत उतरवून घ्या. आणि पुढच्या वर्षी आपल्या मंडपात प्रत्येक घराने पत्रीतले एक रोप कुंडीत लावून आणावे, नावाच्या चिठ्ठीसह. एकवीस घरे तर आपली नक्कीच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!