गुडघ्याखालची उशी
(वारजे, पुणे येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



हिमोफिलिया म्हटले की आपल्याला वाटते, खरचटले तर रक्त थांबत नाही असा आजार. ते खरे, पण अर्धेच. आजार तीव्र असेल तर मार न लागताही रक्तस्राव होतो आणि तो बहुधा आत होतो. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात. बाहेर थेंबही दिसत नाही. सांधा सुजतो, गरम लागतो, मूल रात्रभर कण्हते आणि घरचे म्हणतात, पाय मुरगळला असेल.

मग तेल लावून चोळणे सुरू होते. वारज्याहून मुळशी-वेल्ह्याच्या कातकरी वाड्यांवर जा किंवा इथल्याच एखाद्या सोसायटीत, चोळणारे हात सगळीकडे सारखेच. वाडीवर हाडवैद्य, शहरात बाम आणि ब्रुफेनची गोळी. रक्तस्राव चालू असताना चोळणे आणि शेक दोन्ही घातक. ब्रुफेन, ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. त्या वेळी लागतो तो फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा जो घटक शरीरात कमी असतो तो शिरेतून देणे. सोबत विश्रांती आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो. मात्र सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो. सुनेला बोल लावणाऱ्यांना हे आवर्जून सांगा. दोन भाऊ सुंतेनंतर रक्त वाहून दगावले तर तिसऱ्याची सुंता करू नये, असे यहूदी गुरूंनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ठरवले होते. नियमशास्त्रापेक्षा लेकराचा जीव त्यांनी मोठा मानला.

आता उशीबद्दल. सुजलेला गुडघा वाकवून ठेवला की दुखणे कमी होते, म्हणून आई मायेने त्याखाली उशी ठेवते. आठवडे तसेच गेले की गुडघा वाकलेलाच राहतो. मांडीचा स्नायू वाळतो, सांध्याला आधार उरत नाही, पुन्हा रक्तस्राव होतो. असे तीन-चार वेळा झाले की मूल लंगडू लागते, शाळा सुटते. औषध मिळूनही पाय जातो तो असा.

फिजिओथेरपी हे चक्र तोडते, आणि तिला मोठी यंत्रे लागत नाहीत. दुखणे उतरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचे. नंतर तीच गुंडाळी टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने हळूहळू सरळ होतो. जोर लावून कोणी सरळ करायचा नाही. पुढे चालणे, आणि सोय असेल तिथे पोहणे. कंटाळवाणे काम आहे. रोज करावे लागते आणि फळ महिन्यांनी दिसते.

आपल्या मिशनरी परंपरेतल्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने या रुग्णांसाठी एक मोजमाप तयार केले, २००५ साली ते प्रसिद्ध झाले. एक्स-रेवर न थांबता ते विचारते: जेवता येते का, अंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, उकिडवे बसता येते का, जिना चढता येतो का? उकिडवे बसणे त्यात आहे, हे मला फार मोलाचे वाटते. वाडीवरच्या माणसाला शौचाला, चुलीपाशी, भात लावताना गुडघा दुमडावाच लागतो. त्याचे जीवनमान तिथे ठरते.

सरकारी हिमोफिलिया केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो. सातारा, नाशिक, ठाणे, अमरावती इथे अशी केंद्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळू शकते. पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघून जाते. तिथून त्या मुलाला दवाखान्यात कोण नेणार? एक दिवस गेला तर मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. बेथेसदाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून असलेल्या माणसाची तक्रार पाण्याबद्दल नव्हती. त्याला पाण्यात उतरवायला कोणी नव्हते.

प्रार्थना करावीच, मीही करते. पण प्रार्थना झाली, आता इंजेक्शन नको, असे कोणत्याही रुग्णाला सांगू नका. वधस्तंभाजवळ उभे राहून एवढे मागते.

आणि मदतीचे म्हणाल तर पैशाआधी मला माणसे हवीत. महिन्यातून एक दिवस देणारी, आईसोबत दवाखान्यात बसणारी, भट्टीवर जाऊन मुलाकडून टॉवेलचा व्यायाम करून घेणारी. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी तसे सांगावे, दुचाकीवर सुजलेला पाय लटकत ठेवून नेता येत नाही. प्रवासखर्चाची पाकिटे मागच्या बाकावर ठेवली आहेत. नावे नोंदवायची वही सभेनंतर माझ्याजवळ असेल.