चित्रकादंबरी: मराठी विभागांचे थकलेले काम

मराठीच्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो,

कालच्या परिसंवादात दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, पदवीच्या वर्गात चित्रांची पुस्तके आणणे म्हणजे साहित्याचा दर्जा घालवणे. दुसरा तट म्हणाला, मुले वाचतच नाहीत, चित्रांच्या निमित्ताने तरी पुस्तक हातात धरतील. अध्यक्षाने दोघांनाही सांभाळून घ्यावे असा रिवाज आहे. मी तो पाळणार नाही. दोन्ही तट चुकले आहेत, आणि माझे मोठे भांडण दुसऱ्याशी आहे.

पहिल्या तटाने आर्ट स्पीगलमन यांचे ‘माउस’ उघडावे. आउश्वित्झमधून वाचलेल्या बापाची ही हकिकत. ज्यू उंदीर, नाझी मांजरे. १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर मिळाले, पण पुरस्काराचा दाखला मी देत नाही. दुसऱ्या भागातले एक पान पाहा. लेखक उंदराचा मुखवटा बांधून चित्रफलकापाशी बसला आहे आणि पहिल्या भागाला मिळालेल्या यशाविषयी बोलतो आहे. त्याच्या पायाशी प्रेतांचा ढीग आहे. मेलेल्यांच्या कहाणीवर नाव कमावल्याची टोचणी शब्दांत कमी आणि त्या ढिगात अधिक आहे. हे ज्याला वाचता येत नाही, त्याने साहित्याच्या दर्जाची चिंता माझ्यापुढे मांडू नये.

आता दुसरा तट. तुम्ही स्वतःला चित्रकादंबरीचे कैवारी म्हणवता आणि तिला कच्च्या विद्यार्थ्यांचे औषध करून टाकता. पुढे काय होणार, हे मला स्वच्छ दिसते. शिक्षक फुग्यांतली वाक्ये मोठ्याने वाचेल, कथानक फळ्यावर लिहील, बाजारात गाईड येईल आणि परीक्षेत पाच गुणांचे व्यक्तिचित्रण विचारले जाईल. चित्राकडे कोणी पाहणारसुद्धा नाही. वास्तविक हा प्रकार वाचायला सोपा नाही. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत क्षण गेला की वर्ष गेले, कोण मेले, कोण गप्प राहिले, हे वाचकाला स्वतः ठरवावे लागते.

आणि ज्या पुस्तकाचा आपल्याशी सरळ संबंध आहे, ते तरी आपण किती जणांनी वर्गात नेले? ‘भीमायन’ २०११ साली आले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे लेखन, दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची चित्रे. बाबासाहेबांच्या आठवणी हा त्याचा पाया. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला, मसूर स्टेशनवर उतरलेला, जात कळताच गाडीवानाने नाकारलेला आणि रात्रभर पाण्यावाचून राहिलेला लहानगा भीम त्यात आहे. महाडचे तळे त्यात आहे. या भूमीवरचा हा इतिहास मध्य प्रदेशातल्या चित्रकारांनी काढला.

त्यांनी काय केले ते बारकाईने पाहा. पात्रांना चौकटीत कोंडायचे त्यांनी नाकारले. भिंतींवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या डिगना या नक्षीने पाने मोकळी वाहती ठेवली. सौम्य माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचे विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पाणी नाकारणाऱ्याचे वाक्य कागदावर साधेच असते, तो रोजच्या सवयीने बोलून मोकळा होतो. नांगी दिसते ती चित्रात. दलित आत्मकथनांवर आपण इतके प्रबंध लिहिले, तर या नांगीवर एखादे प्रकरण लिहायला हरकत कोणती होती?

दिल्ली विद्यापीठाने इंग्रजीच्या बी. ए. ऑनर्सच्या एका पेपरला हे पुस्तक लावले. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी त्याऐवजी आंबेडकरांच्या आत्मपर टिपणांचा पर्यायही दिला. म्हणजे अडचणींचा विचार करून वाट काढता येते. काल अडचणींची जी यादी इथे वाचली गेली, तिच्यात इच्छेचा अभाव सोडून सर्व काही होते.

‘हे इंग्रजी विभागाचे काम’ असे कृपा करून म्हणू नका. जोतीरावांची १८७३ची ‘गुलामगिरी’ मराठीतली, आणि तिच्यावरून श्रीविद्या नटराजन व अपराजिता निनन यांनी चित्रकादंबरी केली. ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४चे. नर्मदेवरचे धरण आणि विस्थापित आदिवासी हा त्याचा विषय आपल्या नंदुरबारपर्यंत पोहोचतो. अमृता पाटील यांच्या ‘कारी’तले धुरकट शहर मुंबईकराला अनोळखी वाटणार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रामागून चित्र दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. लोकसाहित्याच्या तासाला आपण त्यांचे शब्द घेतो आणि चित्रे कलाशाळेकडे ढकलतो. ही फाळणी आपणच केली आहे, त्या कलावंतांनी नव्हे.

म्हणून माझी मागणी पुरवणी वाचनाच्या यादीतल्या एका ओळीची नाही. पूर्ण श्रेयांकांचा ऐच्छिक पेपर हवा. ‘भीमायन’ संपूर्ण शिकवावे, उतारे काढून नव्हे. ‘गुलामगिरी’ आणि तिची चित्रकादंबरी शेजारी ठेवून वाचावी. ग्रंथालयाने एक प्रत कपाटात बंद न ठेवता वर्गाला पुरतील इतक्या घ्याव्यात. प्रश्नपत्रिकेत एक पान छापावे आणि विद्यार्थ्याला ते वाचायला सांगावे: नजर कुठून कुठे जाते, काय गाळले आहे, फुग्याचा आकार काय सांगतो. त्या उत्तराला वीस गुण द्यावेत.

अभ्यास मंडळांकडे पाठवायचा हा ठराव मी दुपारच्या खुल्या सत्रात मांडणार आहे. ‘भीमायन’च्या दोन प्रती व्यासपीठासमोरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. विरोधात बोलणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्या चाळाव्यात आणि मग एखाद्या पानावर बोट ठेवून माझ्याशी वाद घालावा.