रेषेलगतची धाव



‘मुलगा वाऱ्यासारखा पळतो, फुटबॉलचं त्याला वेड आहे, पण यात पुढं काही आहे का?’ हा प्रश्न पालकांच्या तोंडी नेहमी असतो. क्रिकेटबद्दल तो आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, फारसा कुणी विचारत नाही. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे ही त्याची उत्तरं सगळ्यांना ठाऊक आहेत. फुटबॉलचं उत्तर मात्र शोधावं लागतं. ते आज आपण कोल्हापूरच्या अनिकेत जाधव या खेळाडूच्या वाटचालीतून शोधू.

अनिकेत विंगर आहे. जुने खेळाडू ज्याला ‘लेफ्ट आउट’ किंवा ‘राइट आउट’ म्हणत, तीच ही जागा. मैदानाच्या कडेची पांढरी रेषा धरून तो पळतो. समोरच्या बचावपटूला हूल द्यायची, त्याच्या बाजूनं निसटायचं आणि गोलसमोर उभ्या असलेल्या आपल्या गड्याला चेंडू पोचवायचा, हे त्याचं मुख्य काम. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागतो. चेंडू गेला की तेवढंच अंतर उलट पळत येऊन बचावाला हातभारही लावायचा. कष्ट पुष्कळ, टाळ्या थोड्या, अशी ही जागा.

या जागेचं कौतुक करावं तर ते स्कॉटलंडनं. फुटबॉलचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७२ साली ग्लासगोत झाला, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. इंग्रज तेव्हा एकट्यानं चेंडू घेऊन पळत. स्कॉटिश खेळाडू एकमेकांना पास देत खेळत. हा खेळ आपल्याकडं गोऱ्या पलटणींनी आणला. १८८८ साली सिमल्यात पहिली ड्युरँड स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आलेल्या दोन्ही पलटणी स्कॉटिशच होत्या. पुढं १९३६ साली ही वाट उलटीही चालली गेली. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा विंगर मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडून खेळला, तोही बूट न घालता, पायाला पट्ट्या बांधून! सेल्टिकला तो हवा होता, पण घरच्या ओढीनं तो परत आला.

याच सेल्टिकनं १९६७ साली लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ असं हरवून युरोपचा चषक जिंकला. त्या संघातले अकराही खेळाडू ग्लासगोतल्या क्लबाच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. म्हणजे नगरहून निघावं आणि राहुरी ओलांडावी, एवढ्याच टापूतली ही पोरं! त्यांचा विंगर जिमी जॉन्स्टन अंगानं लहानखुरा, पण पायांत विलक्षण चलाखी. २००२ साली चाहत्यांनी त्याला क्लबाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं.

एवढ्याशा टापूतून असे खेळाडू निघतात, कारण तिथं गल्लीगल्लीत खेळ मुरलेला असतो. महाराष्ट्रात अशी जागा म्हणजे कोल्हापूर. तिथले संघ तालमींच्या आणि पेठांच्या नावानं खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या लहान पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ लोटते. अनिकेतचा जन्म २००० सालचा, याच गावातला. घरची परिस्थिती बेताची. वडील रिक्षा चालवत. अशा घरातल्या मुलाला गावातलं वेड पुरत नाही, पुढं नेणारा हात लागतो. त्याला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर पुण्याच्या क्लबाच्या अकादमीत मिळाला. कोवळ्या वयात घर सुटलं, पण खेळाची वाट सापडली.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारत पहिल्यांदाच उतरत होता आणि त्या संघात आघाडीला अनिकेत होता. आपण तिन्ही सामने हरलो: अमेरिकेशी ०-३, कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. तरी ती मुलं साऱ्या देशाच्या डोळ्यांत भरली. त्यातल्या बऱ्याच जणांना घेऊन ‘इंडियन ॲरोज’ हा संघ आय-लीगमध्ये उतरवला गेला. २९ नोव्हेंबर २०१७ला चेन्नई सिटीविरुद्धचा पहिलाच सामना या पोरांनी ३-० असा जिंकला. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा मुलगा मुळात गोल मारणारा, मधल्या जागेवरचा. मग तो कडेला कसा गेला? २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एका संघात एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. ही संख्या पुढं पाचावर आणि २०२१ साली चारावर आली. क्लब परदेशी खेळाडूवर पैसा घालतो तो बहुधा मधल्या जागेसाठी, गोल मारणाऱ्यासाठी. भारतीय तरुणाला मग कडेची जागा मिळते. मिळेल त्या जागेवर उभं राहून ती आपलीशी करायची, हा धडा अनेकांनी गिरवला, अनिकेतनंही गिरवला.

२०१९ ते २०२१ तो जमशेदपूरकडं होता, नंतर हैदराबादकडं गेला. तिथं गोल मारायला नायजेरियाचा ओगबेचे होता. त्या हंगामात त्यानं अठरा गोल केले. २० मार्च २०२२ला फातोर्ड्याला केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून हैदराबादनं विजेतेपद मिळवलं. त्याच महिन्यात अनिकेतला भारताच्या वरिष्ठ संघासाठी पहिल्यांदा बोलावणं आलं. आता गाडी रुळाला लागली असं कुणालाही वाटलं असतं. पण लगेच २०२२ साली ईस्ट बंगाल आणि २०२३ साली ओडिशा! नोव्हेंबर २०२३मध्ये एएफसी चषकाच्या सामन्यात ओडिशानं कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ५-२ असं धुतलं, त्यातला शेवटचा गोल अनिकेतचा. सहा वर्षांत पाच संघ झाले. दर वेळी गाव नवं, भाषा नवी, प्रशिक्षक नवा, आणि आपली जागा पुन्हा पहिल्यापासून कमवायची.

यात खेळाडूचा दोष नाही. धंद्याची घडीच तशी आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा नावाजलेला संघ २०१० साली बंद झाला. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ साली आर्थिक अडचणीत गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा क्लब आला, म्हणजे अनिकेत विजेता झाला तोच. पुण्यातली जागा हैदराबादला गेली आणि पुण्यात घडलेला मुलगा तिच्यामागं हैदराबादला गेला! पुढं २०२५ साली तो क्लबही दिल्लीला हलला. त्याच वर्षी जुलैत, व्यवस्थापनाच्या कराराचा तिढा न सुटल्यानं, लीगचा सारा हंगामच लांबणीवर पडला. काही क्लबांनी पगार थांबवले. अंगात रग आहे, सराव चालू आहे आणि सामनाच नाही, अशी वेळ खेळाडूंवर आली. विंगरची सारी पुंजी त्याच्या वेगात असते. बुद्धीनं खेळणारा मधला खेळाडू पस्तिशीपर्यंत तग धरतो. वेगावर जगणाऱ्याचं एकेक वर्ष मोलाचं. असं वर्ष वाया गेलं तर ते परत मिळत नाही.

आणि नंतर काय? एवढा गौरवलेला जिमी जॉन्स्टन, पण खेळ थांबल्यावर त्यानंही पोटासाठी लॉरी चालवली, बांधकामावर काम केलं. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण टाळ्या थांबल्यावर घर कशावर चालेल, हा प्रश्न युरोप जिंकलेल्या माणसालाही चुकला नाही, तर आपल्या मुलांना कसा चुकेल?

तेव्हा पालकांनो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. फुटबॉलमध्ये पुढं काही आहे, निश्चित आहे. रिक्षाचालकाचा मुलगा देशाच्या संघापर्यंत पोचतो ही घडलेली गोष्ट आहे. मात्र वाट अरुंद आहे आणि ती आपल्या गावातून जात नाही. झहीरला आणि अजिंक्यलाही जिल्हा सोडावाच लागला. मुलाला खेळू द्या, प्रबोधिनीच्या निवड चाचणीला नेऊन उभं करा. मोठ्या फीची अकादमी दिसली की भुलू नका. तिथं शिकवतो कोण आणि वर्षाकाठी खरे सामने किती होतात, हे आधी विचारा. मुलगा कुठल्या जागेवर खेळतो याचा हट्ट धरू नका. आणि शाळा सोडू देऊ नका. दहावी-बारावीचा कागद आणि त्यापुढची पदवी किंवा हातातलं एखादं कौशल्य हा विंगरच्या मागं उभा असलेला बचावपटू आहे. तो भक्कम असला तरच विंगर निर्धास्तपणे पुढं धावू शकतो.

बाकीचं काम मोठ्यांचं, म्हणजे संघटनांचं आणि सरकारचं. एवढ्या कष्टानं तयार झालेल्या मुलाला दरसाल नियमानं सामने आणि वेळेवर पगार मिळाला पाहिजे. रेषेलगत धावणाऱ्या मुलानं जिवाच्या आकांतानं चेंडू आत टाकला, तर तिथं कुणी तरी उभं असायला हवं.