पहिली दहा मिनिटे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले हे भाषण सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे छापीत आहोत.)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "अतिरेकी हल्ला झाला तर शेजारीपाजाऱ्यांनी काय करावे, आणि ते त्यांना कोणी शिकवावे." त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अहो ताई, वर्धापनदिन आहे. जरा गोड बोला की!" तेव्हा गोडाचे काम मी बुंदीच्या लाडवांवर सोपवीत आहे. लाडू वाटण्याआधी संपवीन, एवढे मात्र वचन देते.

"आपल्या गावात कोण येणार बाँब ठेवायला?" असे तुमच्यापैकी कित्येकींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर मी देणार आहे. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती झाली नसती तर आज मी या विषयावर बोलावयास उभी राहिले नसते.

११ जुलै २००६ हा मंगळवार होता. मी तेव्हा मुंबईत माटुंगा रोड स्टेशनाजवळच्या एका चाळीत राहत होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कुकर लावीत होते, तोच खिडकीची तावदाने हादरली. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली, हे पुढे कळले. आम्हांला त्या वेळी दिसले ते एवढेच, की रुळांवर गाडी उभी आहे आणि तिचा पहिल्या वर्गाचा डबा हा डबा राहिलेला नाही.

चाळींतून, रुळांलगतच्या झोपड्यांतून माणसे धावली. त्यांना कोणी बोलावले नव्हते. घराघरांतून चादरी निघाल्या. चौघांनी चार टोके धरावयाची, जखमीला मध्ये घ्यावयाचे, आणि रस्त्यापर्यंत न्यावयाचे; तेथून टॅक्सी, टेंपो, जे मिळेल ते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात तेव्हा नव्हतीच, ती २०१४ साली आली. त्या संध्याकाळी मुंबईला ज्यांनी उचलले ती माणसे कोणत्याही खात्याच्या पगारपत्रकावर नव्हती.

मीही एक चादर घेऊन गेले. माझ्या वाट्याला एक विशीतला मुलगा आला. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होते. मी चादरीची घडी करून त्यावर ठेवली, आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर थोड्या वेळाने ती उचलू लागले. उचलली की ते नव्याने वाहू लागे. तो पाणी पाणी म्हणत होता, म्हणून कोणाची तरी बाटली घेऊन मी त्याच्या तोंडाला लावली. माझ्या मनात दयेवाचून दुसरे काही नव्हते. तेवढ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आले, अंगात बनियन, खाली लुंगी. पूर्वी होमगार्डमध्ये होते असे मागाहून समजले. त्यांनी बाटली बाजूला केली, माझे दोन्ही हात धरून जखमेवर दाबले आणि म्हणाले, "बाई, उचलू नका. बघू नका. नुसतं दाबून धरा." मी दाबून धरले, आणि रक्त मंदावले. मग टॅक्सी आली, तिचे दार लागले, ती गेली.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही. पण त्याच्या आयुष्यातली तीन-चार मिनिटे माझ्या हातांनी वाया घालविली, हे मला माहीत आहे. त्या गृहस्थांच्या आणि माझ्या मनात फरक नव्हता. फरक होता तो शिक्षणाचा.

पुढच्याच महिन्यात मी नागरी संरक्षण दलाच्या वर्गात नाव घातले, आणि पुढे कित्येक वर्षे स्वयंसेविका म्हणून इतरांना शिकविले. मुंबई सोडून इकडे आले ती हीच शिदोरी घेऊन.

आता सरकारने काय केले, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्यानंतर राज्याने 'फोर्स वन' हे कमांडो दल उभे केले. २०१६ पासून राज्याचे आपत्ती प्रतिसाद दल आहे, त्याच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे असतात. केंद्राने 'आपदा मित्र' म्हणून योजना काढून देशभरातल्या साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचे शिक्षण द्यावयाचे ठरविले. तिचा भर मात्र पूर, दरड, वादळ यांवर. हे सर्व चांगलेच आहे. परंतु धुळ्याहून निघालेली तुकडी कितीही वेगाने आली तरी तिला तास लागणार, आणि मोठी रक्तवाहिनी तुटलेल्या माणसाच्या हाती चार-पाच मिनिटे असतात. मधली मिनिटे कोणाची? भाजीवाल्याची, रिक्षावाल्याची, शाळेतल्या शिपायाची, तुमची, माझी.

शिवाय नागरी संरक्षणाची व्यवस्था मुळात बेतली गेली ती हवाई हल्ल्यासाठी. १९६८ चा तो कायदा. १९७१ च्या युद्धात खिडक्यांना काळे कागद चिकटविणारी माझी आई मला आठवते. म्हणून त्याच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर अशी बंदरांची नि वीजकेंद्रांची ठिकाणे आली, ती योग्यच. पहलगामच्या हत्याकांडानंतर ७ मे २०२५ रोजी देशभर सराव झाला तेव्हा अशा ठिकाणी भोंगे वाजले. आपल्या गावात वाजला नाही. आपण यादीत नाही. पण बाँब ठेवणारा यादी वाचून येत नाही. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात शुक्रवारच्या नमाजानंतर कबरस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. मालेगाव म्हणजे काही मुंबई नव्हे. आपल्यासारखेच बाजाराचे, यंत्रमागांचे, घाईगर्दीचे गाव. "आपल्या गावात कोण येणार" याचे माझ्यापाशी असलेले उत्तर एवढेच. आणि कोणी न आले तर उत्तमच. रक्त थांबविण्याची विद्या एस.टी. उलटली तरी चालते, सिलिंडर फुटला तरी चालते, उसाच्या गुऱ्हाळात हात गेला तरीही चालते.

या शिक्षणात काय काय येते, ते थोडे सांगते.

रक्तासाठी: स्वच्छ कापड, दोन्ही हात, अंगाचा सगळा भार, आणि उचलावयाचे नाही. कापड भिजले तर त्याच्यावरच दुसरे. काच किंवा पत्रा रुतला असेल तर उपटू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. हळद, चहाची पूड, दंतमंजन यांतले काहीही मोठ्या जखमेत भरू नये. (हळदीबद्दल मला घरोघरी वाद घालावा लागतो. बोट कापले तर लावा बापड्या, माझी हरकत नाही!) हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर टुर्निकेट, म्हणजे जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टी बांधून तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावयाचे. ते दुखते, माणूस ओरडतो, तरी सैल करावयाचे नाही. किती वाजता बांधले ते त्याच्या कपाळावर पेनाने लिहावयाचे. सुतळी किंवा तार वापरू नये, ती मांस कापते. हे ऐकून येत नाही. एकमेकींच्या दंडावर बांधून पाहिल्याशिवाय किती पिळावयाचे हे हाताला कळतच नाही.

दुसरे, ओरडणाऱ्याकडे आपण आधी धावतो. पण ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी पाहावयाचे. हे शिकताना बायकांना फार जड जाते, आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. घरात आपण रडणारे मूल आधी उचलतो.

तिसरी गोष्ट अपघाताला लागू नाही, फक्त घातपाताला आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बाजारांत स्फोट झाले. आणि जखमींना घेऊन लोक सिव्हिल हॉस्पिटलात पोहोचले, तेव्हा तेथेही स्फोट झाला. मदतीला जमणारी गर्दी हेच त्या दुष्टांचे लक्ष्य होते. म्हणून बघ्यांना हटवावयाचे, जखमीला लवकर दूर न्यावयाचे, आणि बेवारस पिशवी दिसली तर हात न लावता लांब होऊन ११२ ला कळवावयाचे. लक्ष पिशवीवर ठेवावयाचे, पिशवी घेतलेल्याच्या नावगावावर नव्हे. मी शिकविलेल्या एका वर्गात एका भाऊंनी 'संशयित कसा ओळखावा' म्हणून एका विशिष्ट मोहल्ल्याचे नाव घेतले. मी त्यांना विचारले, माटुंग्याला ज्यांच्या चादरी निघाल्या त्यांची नावे तुम्ही विचारली असतीत का? ते पुढच्या वेळी आले, आणि चांगले शिकले, हेही सांगितले पाहिजे.

आता दारांविषयी. २६ नोव्हेंबरच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा विष्णू झेंडे हे निवेदक आपल्या खोलीतून मागच्या बाजूने बाहेर पडा असे प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना वॉर्डातून हलवून एका लहानशा खोलीत नेले, दारे लावली, दिवे मालविले. एकीला त्याच वेळी कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात पोहोचविले. या दोघांच्या हाती शस्त्र नव्हते. पण आपल्या इमारतीची दारे त्यांना पाठ होती, आणि ज्यांना ती ठाऊक नव्हती त्यांना त्यांनी वाट दाखविली.

भगिनींनो, आपण ज्या सभागृहात बसलो आहोत त्याला दारे किती? गेल्या आठवड्यात मी सात जणींना विचारले. पाच जणींनी एक सांगितले. आहेत दोन. दुसऱ्याच्या पुढे आपल्याच मंडळाचे भांड्यांचे कपाट आहे, त्याला टेकून भोंडल्याचा हत्ती, आणि त्यावर गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाचे उरलेले वाण. आज येथे दीडशे जणी आहेत. स्वयंपाकाच्या बाजूने नुसता धूर आला तरी काय होईल, ते मी सणाच्या दिवशी रंगवून सांगत नाही.

शेवटी शिकविण्याच्या पद्धतीबद्दल एक तक्रार करते. दोन तासांचे व्याख्यान, एक प्रमाणपत्र, एक फोटो, झाले शिक्षण! असे वर्ग मी घेतले आहेत, म्हणून बोलते. सहा महिन्यांनी त्याच मंडळींकडे गेले तर दहांतल्या दोघांनाही पट्टी बांधता आली नाही. एका अंगणवाडी सेविकेला मात्र झटक्यात आली, कारण ती दर महिन्याला मुलांच्या आयांना करून दाखवीत होती. माझ्या मते राज्यभर हे काम व्हावयाचे तर ते मोठ्या शिबिरांनी होणार नाही. गावोगाव जेथे माणसे महिन्यातून एकदा जमतातच, भजनाला, भिशीला, बचत गटाला, तेथे त्यातला अर्धा तास याला दिला पाहिजे. शिकविणारा जिल्ह्याहून यावा, होमगार्डमधून, नागरी संरक्षणातून, रुग्णालयातून; पण सराव गावातच आणि पुन्हा पुन्हा व्हावा. सरकार ते करील तेव्हा करील. आपल्या मंडळाला दर महिन्याच्या सभेतला अर्धा तास देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, चिटणीसबाईंची सोडून, आणि ती मी काल मिळविली आहे!

पहिला सराव येत्या रविवारी सकाळी दहा वाजता येथेच. प्रत्येकीने एक जुनी सुती साडी आणि एक लाटणे आणावे. लाटणे पट्टी पिळण्यासाठी आहे, गैरसमज नसावा. सासूबाईंना, सुनांना, मोठ्या मुलींना आणि मुलांनाही आणा. कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवरचे चौघे जण यावयास तयार आहेत, त्यांच्या चहाचे पाहावे लागेल. आणि ते कपाट हलवावयाचे आहे, तेव्हा पाच-सहा जणी साडेनऊलाच आल्या तर बरे होईल.