पेशीतील मोडतोड आणि विषाणूची कोंडी

(बोईसर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल तयार होतो. त्यामुळे बोईसर-पालघरच्या कितीतरी घरांत औषधांची नावे गोळ्यांच्या पाकिटावरून नव्हे, तर कारखान्यातील पाळीवरून ठाऊक असतात. अशा श्रोत्यांसमोर औषध पेशीत नेमके काय करते, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

आपल्या प्रत्येक पेशीत मोडतोडीचे काम अखंड चालू असते. झिजलेली प्रथिने, निकामी झालेले भाग एका पिशवीत गुंडाळले जातात. ती पिशवी लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त पिशवीला जाऊन मिळते, आतील माल विरघळतो आणि सुटे झालेले घटक पेशी पुन्हा वापरते. आपल्याकडील भंगारवाल्याचाच हा व्यवसाय! बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियन द दूव यांनी १९६३ मध्ये त्यास ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. त्यामागील जनुके यीस्टमध्ये शोधणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही यंत्रणा विषाणूंचाही फडशा पाडू शकते. म्हणूनच काही विषाणू तिच्यात खोडा घालतात. कोरोनाच्याच कुळातील ‘मर्स’ विषाणूवर जर्मन संशोधकांनी केलेले काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बेक्लिन-१ हे प्रथिन स्वभक्षणाला चालना देते. एसकेपी-२ हे दुसरे प्रथिन त्याच्यावर ‘नष्ट करा’ अशी खूण लावते. एसकेपी-२ला अडविले की बेक्लिन टिकते, मोडतोड वेग घेते. काचपात्रातील पेशींत विषाणूची वाढ त्यामुळे अठ्ठावीस हजार पटींपर्यंत घटली. एसकेपी-२ला अडविणाऱ्या औषधांपैकी एक होते निक्लोसामाइड, पट्टकृमींवरचे जुने, स्वस्त औषध.

गंमत अशी की २०२० मध्ये ज्याचा जगभर डंका वाजला, त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे कार्य नेमके उलट आहे. ते लायसोसोममधील आम्लता घटवते, म्हणजे मोडतोड थांबवते. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत करोना विषाणू त्याने रोखला, कारण तेथे विषाणूला आत शिरण्यास आम्लाची गरज असते. मानवी फुप्फुसाच्या पेशींत तो दुसऱ्या दाराने, एका विकराच्या साह्याने शिरतो. तेथे हे औषध निष्प्रभ ठरले. बातमीतून ‘काचपात्रात’ हा एक शब्द गळला की केवढा अनर्थ होतो! औषधाला एवढी मागणी आली की, २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. संधिवाताचे आणि ल्यूपसचे रुग्ण आपल्या नित्याच्या गोळीसाठी दुकाने पालथी घालू लागले. जूनमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला. हे औषध दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले, नेहमीच्या उपचारांवरील ३,१५५ पैकी २५ टक्के. लाभ काही दिसला नाही.

मग निक्लोसामाइडचे काय? सीएसआयआर आणि लक्साई लाइफ सायन्सेस यांनी २०२१ मध्ये आपल्या देशात करोना रुग्णांवर त्याची चाचणी हाती घेतली. अडचण रसायनातच आहे. हे औषध आतड्यातून रक्तात फार थोडे शोषले जाते. पट्टकृमी आतड्यातच राहतो, म्हणून तेथे हा त्याचा गुण. विषाणू फुप्फुसात असतो, तेथे हाच दोष.