बाजारातील गणित व फळ्यावरील गणित
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात २०२५ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन आपल्या वर्गाशी निकटचे आहे. म्हणून ते आपणांपुढे ठेवतो. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १.४ किलो कांदे. मिळून ३७ रुपये. असे हिशेब जवळजवळ सर्व मुले कामावर बिनचूक करीत. परंतु तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे नुसत्या अंकांत मांडताच ती अडत. जवळच्या शाळांतील ४७१ मुलांची स्थिती उलट होती. साधी अंकगणिते त्यांना अधिक बरी येत. परंतु बाजारातील जे उदाहरण एकतृतीयांशाहून अधिक कामकरी मुलांनी सोडविले, ते त्यांच्यापैकी अवघ्या एक टक्का मुलांना साधले.

यावरून मुलांस बाजारात धाडावे, असा अर्थ कोणी घेऊ नये; त्यांचे स्थान शाळेतच आहे. बोध इतकाच की, फळ्यापाशी गप्प राहणाऱ्या मुलास 'मठ्ठ' ठरविण्यापूर्वी तेच उदाहरण त्याला आठवडे बाजाराच्या भाषेत घालून पाहावे. उत्तर आल्यास त्याची रीत त्याच्याच तोंडून वदवून घ्यावी आणि तीच फळ्यावर अंकांत मांडावी. वर्गात हुशार गणल्या जाणाऱ्या मुलासही तोंडी हिशेबाचा नित्य सराव द्यावा. व्यवहार व पाटी यांची सांगड घालणे हे आपलेच कर्तव्य होय.