पालकसभेत मुलाने वाचावे

(हिंगोली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



 विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एकाच छताखाली, एकमेकांना पाहत निवांत बसले आहेत, असा योग शाळेच्या वर्षात फार थोडा येतो. म्हणून या तिघांच्याही मालकीचा जो एक विषय आहे, म्हणजे खालच्या इयत्तांच्या वर्गात मुलाला वाचावयास, लिहावयास आणि हिशेब करावयास प्रत्यक्ष किती येते हा विषय, त्याविषयी आज मोकळेपणाने बोलावे असे मी योजिले आहे.

आपला जिल्हा दप्तरी तरुण आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी तो अस्तित्वात आला. परंतु गुरू आणि शिष्य या नात्याची येथील स्मृती कित्येक शतकांची आहे. नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नरसीकडे पाहते ती नरसी आपल्याच जिल्ह्यातील, आणि ज्या विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केले त्यांची भेट जेथे झाली असे वारकरी मानतात ते औंढा नागनाथही आपल्याच जिल्ह्यातील. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले तेव्हा इतर सारे निमूट राहिले, नामदेव मात्र दुखावले आणि कच्चे ठरले, ही कथा येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. मला त्या कथेत एक गोष्ट विशेष विचारणीय वाटते. ज्याच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष पांडुरंगाने खाल्ला अशी ज्याची ख्याती, त्याला त्याच्याच माणसांनी, कसलीही भीड न बाळगता, तुझे शिकणे अजून पुरे झालेले नाही असे स्पष्ट सांगितले. ज्याला हे ऐकावे लागले तो प्रथम रुष्ट झाला, तरी अखेर उठून औंढ्याची वाट चालू लागला. आणि तेथे जो गुरू भेटला त्याने आलेल्या शिष्याच्या कीर्तीकडे न पाहता त्याच्या अज्ञानाकडे पाहिले. खरे सांगणारा समाज, चालत जाणारा विद्यार्थी आणि नेमके उणे ओळखणारा शिक्षक, हे तिघेही त्या कथेत आपापल्या जागी उभे आहेत. त्यांतील एक जरी जागेवरून हलला असता तरी नामदेवांचे शिक्षण तेथेच थांबले असते.

बालमित्रांनो, म्हणून तुमच्याशी दोन शब्द आधी बोलतो. वर्गात गुरुजींनी किंवा बाईंनी “समजले का?” असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात “हो” म्हणतो, त्या सुरात ज्याला समजलेले नाही त्याचाही आवाज मिसळलेला असतो, आणि बाईंना तो वेगळा ऐकू येत नाही. “बाई, मला नाही आले,” हे चार शब्द उच्चारावयास मोठे धैर्य लागते. ते ज्याने दाखवले त्याला आज मिळणार आहेत त्यांहून मोठे बक्षीस मिळावयास हवे, असे माझे मत आहे. आणि ज्याला येते त्याने, ज्याला येत नाही त्याला हसू नये. त्याच्या शेजारी बसावे, ओळीवर बोट ठेवावे आणि त्याच्याबरोबर वाचावे.

आता वडीलधाऱ्यांकडे वळतो. या भागात शाळा ही वस्तू सुखासुखी आलेली नाही. निजामी अमलात सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू असे. मराठीतून शिकवणारी खासगी शाळा काढावयाची तर दरबारच्या परवानगीचा अडसर आड येई. आणि तरीही हैदराबाद संस्थानातील मराठी माणसांनी वर्गणी गोळा करून, वाडे रिकामे करून देऊन, प्रसंगी सरकारची गैरमर्जी पत्करून, मुलांसाठी मराठी शाळा चालवल्या. ज्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम लढला गेला ते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतील शिक्षक होते, ही गोष्ट या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या संग्रामात प्राणार्पण केलेल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांचे स्मारक करावयाचे झाले तेव्हा वसमतला त्यांच्या नावाने विद्यालय उभे राहिले. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त होण्यापूर्वी आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांत शाळा ही लोकांना आपली मिळकत वाटे, कारण तिच्यात त्यांचा पैसा, श्रम आणि धोका गुंतलेला असे.

पुढे 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, वाडी-तांड्यांपर्यंत शाळा पोहोचल्या, शिक्षकाला नियमित वेतन मिळू लागले. हे झाले ते उत्तमच झाले, आणि त्यावाचून आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातील सामान्य कुटुंबाला अक्षर दिसलेच नसते. परंतु शाळा सरकारची झाली तेव्हा मुलाच्या शिकण्याची काळजीही सरकारजमा झाली, अशी समजूत कळत-नकळत गावोगाव रुजली. दाखल्याच्या दिवशी मुलाला शाळेत पोहोचवले की आपले काम संपले, असे पालक मानू लागला आणि पालक विचारीत नाही म्हणून शिक्षकही सांगेनासा झाला.

आपल्या थोर पुरुषांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सबंध बडोदे संस्थानात तशी सक्ती केली. आणि शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात कायदा करून, जो पालक मूल शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. ही सारी सक्ती मुख्यतः पालकावर होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तो भार शासनावर आणला, आणि हे न्याय्यच झाले; तथापि तत्पूर्वी 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा, सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आई-बापाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले गेले, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे.

मूल शाळेत आणण्याचे काम आता बहुतांशी झाले आहे. परंतु पटावर नाव असणे वेगळे आणि पाठ वाचता येणे वेगळे. 2022 सालच्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे 43 टक्के आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाच वर्षे शाळेत येऊनही तीन वर्षे मागे राहिलेली होती, आणि यांतील कित्येकांच्या घरी या गोष्टीची वार्ताही नसेल. मला सर्वांत अधिक क्लेश होतात ते या अखेरच्या गोष्टीचे.

शिक्षण हक्क कायद्याचे 24 वे कलम पाहा. शिक्षकाने नियमित व वेळेवर यावे, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करावा, मुलाची कुवत जोखून लागेल ती जादा शिकवणी द्यावी, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता व त्याने केलेली प्रगती त्यांना सांगावी, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, हे 21 व्या कलमाचे म्हणणे. इतकी उत्तम तरतूद असता समित्यांची इतिवृत्ते उघडली की काय दिसते? संरक्षक भिंत, शौचालयाची दुरुस्ती, गणवेशाचे कापड, खिचडीच्या तांदळाचा साठा. ही कामे आवश्यक आहेत, याबद्दल दुमत नाही. पण तिसरीतील किती मुले आज अडखळत वाचतात, कोणाला हातच्याची वजाबाकी येत नाही, याचा ठराव त्या वहीत वर्षानुवर्षे आढळत नाही.

याचे एक कारण पालक सांगतात ते असे, की आम्हीच शिकलेलो नाही, आम्हांला यातले काय कळणार? मायबापहो, हे मला मान्य नाही. ज्या आईला अक्षर ओळखता येत नाही तिलाही मूल सरळ वाचते आहे की अडखळते आहे हे कानाने कळते. वाचून झाल्यावर “काय वाचलेस ते मला सांग” असे ती म्हणू शकते, आणि त्याला सांगता आले नाही तर दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन विचारू शकते. राज्यात 2022 पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ मेळावे भरू लागले आणि त्यांतून गावोगाव माता-गट उभे राहिले, ते याच विश्वासावर.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आपली बाजू मी विसरलेलो नाही. जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकास देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम सांगते. तरी माहिती भरण्याच्या फर्मानांनी आपले तासच्या तास खर्ची पडतात, आणि एकाच शिक्षकाला दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळावे लागतात, ही वस्तुस्थिती आहे. पण हे गाऱ्हाणे वर मांडण्याचे खरे बळ गावाकडे आहे, आणि मूल कोठे अडले आहे हे आपण गावाला मोकळेपणाने सांगितल्यावाचून गाव आपल्या पाठीशी उभे राहणार नाही. मुलाचे उणे सांगितले तर ठपका आपल्यावर येईल या भीतीने प्रगतिपत्रकावर सरसकट चांगला शेरा लिहिला जातो. त्या शेऱ्याने शिक्षक वाचतो, पण मुलाचे एक वर्ष जाते.

आता या परिसराचे म्हणून जे दुःख आहे त्याविषयी. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात, आणि कोयत्याबरोबर मूलही जाते. त्याच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृह आहे. पण पत्रक फडावर पोहोचल्यावर तेथल्या शाळेला दाखवावयाचे असते, आणि वसतिगृहात मूल ठेवावयाचे तर ते सांभाळले जाईल असा भरवसा आईला वाटावा लागतो. तो भरवसा शासन-निर्णयाने निर्माण होत नाही. जी माणसे गावात मागे राहतात त्यांनी तो द्यावयाचा असतो. शाळेनेच मुलापर्यंत जाण्याचे उदाहरण आपल्यापुढे आहे: ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघांसह पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसताच शाळाच कुरणात नेली. तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातील मराठीही नवी असते. त्याच्या बोलीतले पाच-पन्नास शब्द शिक्षकाने शिकून घेतले, तर तेही कुरणापर्यंत चालत जाण्यासारखेच होय. अशा शिक्षकाला मी मनोमन वंदन करतो.

माझी सूचना एकच आहे, आणि ती या व्यासपीठावरून, सर्वांच्या साक्षीने करतो. प्रत्येक महिन्याच्या पालकसभेत, इतर कोणताही विषय घेण्यापूर्वी, पहिली ते पाचवीच्या मुलांनी आपापल्या आई, वडील, आजी किंवा आजोबांच्या शेजारी बसून एक पान वाचून दाखवावे. ते सर्वांसमोर नको, ज्याला येत नाही त्याची शोभा होईल असे तर मुळीच नको. शिक्षकाने प्रत्येकापाशी दोन मिनिटे थांबावे, पुढच्या महिन्यापर्यंत वर्गात काय करणार आणि घरी काय व्हावे हे सांगावे, आणि तेवढी एक ओळ समितीच्या वहीत लिहून त्यावर पालकाची सही किंवा अंगठा घ्यावा. जे कुटुंब फडावर आहे त्याच्या मुलासाठी ती ओळ दूरध्वनीवरून सांगावी. सभा सकाळी न ठेवता, शेतावरून माणसे परतल्यावर, दिवेलागणीनंतर ठेवावी, म्हणजे मजुरी बुडाली अशी तक्रार उरणार नाही.

मुख्याध्यापक महोदयांना माझी विनंती आहे की अशा पहिल्या सभेची तारीख त्यांनी बक्षीस समारंभ सुरू होण्यापूर्वी, आत्ताच, येथून जाहीर करावी. मी त्या सभेस येईन, मागच्या रांगेत बसेन, आणि ज्या मुलाचे घरचे कोणी त्या दिवशी येऊ शकणार नाही त्याचे पान ऐकेन.